शार्ङ्ग व लांकडी धनुष्य : बाणवेगाचा विचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणीं, धनुष्यें चार द्रव्यांचीं सांगितलीं आहेत : ताड, वेळू, लांकूड व शिंग. यांपैकीं शेवटचें तें शार्ङ्ग. हें विष्णूच्या धनुष्याचें विशेषनाम म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु शृंगशब्दापासून साधलेला त्याचा मूळ अर्थ पोथी वाचतांना बहुधा विसरला जातो. शार्ङ्गाचा बाण लांकडी धनुष्याच्या बाणापेक्षां वेगवान, असें सरसकट विधान करण्याची वहिवाट आहे. तें अर्धेंच खरें आहे, असें आमचें मत झालें आहे.

शार्ङ्गजातीच्या धनुष्यास लांकडाचा गाभा असून धनुर्धराकडील अंगास शिंग व पाठीस जनावराचे स्नायु सरसानें चिकटविलेले असतात. शिंग दाब सोसतें, स्नायु ताण सोसतात. त्यामुळें आंखूड धनुष्यही न मोडतां फार वांकतें. उलटपक्षीं, इंग्रजांचें मनुष्याच्या उंचीइतकें किंवा त्याहून लांब धनुष्य यू वृक्षाच्या एकाच काष्ठाचें असे. १५४५ सालीं बुडालेलें ‘मेरी रोज’ हें जहाज १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. त्याच्या अवशेषांत अशीं शंभरावर अखंड धनुष्यें सांपडलीं, म्हणून या जातीविषयीं आतां तर्क करीत बसण्याचें कारण उरलें नाहीं.

त्यांच्या नमुन्यावर केलेल्या १५० पौंड ओढीच्या धनुष्यानें ५३.६ ग्रॅमचा बाण ३२८ मीटर, तर ९५.९ ग्रॅमचा बाण सुमारें २५० मीटर गेला. हवेचा अडथळा नाहीं असें धरल्यास, सर्वांत लांबचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ९.८१. यावरून उलट गणित केलें असतां हलक्या बाणाचा आरंभवेग सेकंदास निदान ५७ मीटर व जड बाणाचा निदान ४९ मीटर येतो. हवेचा अडथळा असतोच; सबब खरा वेग याहून अधिकच असला पाहिजे.

आतां दुसरी बाजू. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन येथील तुर्की वकिलाचा चिटणीस महमूद एफेंदी यानें आपल्या देशच्या शिंगी धनुष्यानें वाऱ्याविरुद्ध ४१५ यार्ड, म्हणजे सुमारें ३८० मीटर, बाण टाकला. त्याच रीतीनें हा वेग निदान ६१ मीटर होतो. परंतु तो बाण केवळ पल्ल्यासाठीं केलेला, आंखूड व हलका होता. युद्धांतील जड बाणाशीं त्याची तुलना करणें न्याय्य नव्हे.

कारण असें कीं, ओढतांना सांठविलेल्या शक्तीचा कांहीं अंश धनुष्याच्या बाहूंस हलविण्यांतच खर्च होतो. शार्ङ्गाचे बाहू आंखूड, म्हणून हलक्या बाणास त्याचा लाभ विशेष. बाण जड होत जातो तसा बाहूंकडे राहणारा अंश घटतो, आणि लांब लांकडी धनुष्याचें उणेपणही कमी होतें. शिवाय वेग म्हणजे आघात नव्हे : वरील ४९ मीटरांच्या जड बाणाची गतिशक्ति निदान ११५ जूल भरते, ५७ मीटरांच्या हलक्याची निदान ८७.

आरियन या ग्रीक ग्रंथकारानें हिंदी पदातीचें धनुष्य पुरुषभर लांब, जमिनीस टेंकून व डाव्या पायानें दाबून ओढण्याचें आणि बाण जवळजवळ तीन हातांचा असें वर्णिलें आहे. त्यापुढें ढाल वा चिलखत टिकत नसे, असेंही तो म्हणतो. त्यानें स्तुति केली ती भेदाची, वेगाची नव्हे, हें आतां ध्यानांत येईल.

संग्राहकांस एक विनंति. प्रत्यंचा उतरलेलें शिंगी धनुष्य उलट दिशेस, चंद्रकोरीसारखें वळतें. तीच त्याची ओढण्याची दिशा समजून दोरी चढविल्यास तें मोडतें, आणि मोडलेलें पुन्हां सांधत नाहीं. जुन्या घरांतून असें धनुष्य हातीं आल्यास दोरी चढवूंच नये; मापें घ्यावीं, आणि जवळ बाण असल्यास त्याचें वजन अवश्य नोंदावें. त्या एका आंकड्यावांचून वेगाची सारी चर्चा व्यर्थ आहे.