मुंढव्याहून हडपसरला

मार्च १८९७. पुण्याच्या पूर्वेला, मुंढवा गावाबाहेरच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरचा एक मुलगा प्लेगच्या तापाने फणफणला होता. सख्खे नातलगही रुग्णाला हात लावायला धजत नसत, असे ते दिवस. बातमी कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाई फुले तेथे पोहोचल्या. त्यांनी मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्यात आणले. पुढे त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले.

एवढी हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागची वीस वर्षे मात्र क्वचितच सांगितली जातात. संकट कोसळले की माणसांतले प्रेम एकाएकी जागे होते, असे आपण सहज म्हणून जातो. या बाईंचे प्रेम झोपलेलेच नव्हते. १८९७ मध्ये जे दिसले, त्याची तालीम १८७७ च्या दुष्काळात झाली होती.

१८७६ साली दख्खनेत पावसाने दगा दिला. आधीच सावकाराच्या खतपत्रांत अडकलेला कुणबी उघडा पडला. चाऱ्यावाचून जनावरे गेली, गावे ओस पडू लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. पण माणूस किमान किती अन्नावर जगवता येईल, याचा हिशेब मांडून. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली पुरुषाची दिवसाची मजुरी होती एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. त्यावर दिवसभर खडी फोडायची! पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दराविरुद्ध आवाज उठवला, तो उगाच नव्हे.

सत्यशोधक समाज तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. त्याचे कार्यकर्ते जुन्नर भागात धान्य गोळा करून वाटत होते. सावित्रीबाई स्वतः त्यांच्यात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाचे वर्णन आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यातली दुसरी हकिकत. सावकारांशी खटका उडाल्यावर कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा सावित्रीबाई थेट कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. आपली माणसे त्यांनी सोडवून आणली. करुणेला असा करारीपणाही लागतो, हे त्यांच्या चरित्रात वारंवार दिसते. त्याच वर्षी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला गेला. कोणाच्याही पोरांना जातपात न विचारता जेवू घालणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आता दवाखान्याविषयी. तो चालवत होते डॉ. यशवंतराव, जोतीराव-सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचे हे मूल. अशा स्त्रियांना सुरक्षितपणे बाळंत होता यावे म्हणून फुले दांपत्याने १८६३ साली जे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यातून ते त्यांच्या घरी आले. फुल्यांनी त्याला वाढवले, शिकवले, डॉक्टर केले. यशवंतरावांची सासुरवाडी हडपसरच्या ससाणे घराण्यात होती, आणि प्लेगच्या साथीत दवाखाना उभा राहिला तो ससाणे मळ्यातच, गावाबाहेर मोकळ्या माळावर. लष्करी नोकरीतल्या मुलाला आईने बोलावून घेतले होते. एका विधवेला दिलेला आसरा पुढे संकटात सापडलेल्या पुण्याच्या कामी आला, तो असा.

साथीचे मर्म तेव्हा कोणालाच उमगले नव्हते. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले ते १८९८ मध्ये. मुंबईत हाफकिन यांनी आपली नवी लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. ती अजून घरोघरी पोहोचायची होती. म्हणजे ससाणे मळ्यात रुग्ण उचलणाऱ्यांपाशी धोक्याची पुरेपूर जाणीव होती, बचावाचे साधन मात्र जवळजवळ काहीच नव्हते. सावित्रीबाईंनी कामाची वाटणी करून स्वतःकडे व्यवस्थेपुरते काम ठेवले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्या वस्तीवस्तीत जाऊन आजारी माणसे शोधत राहिल्या.

आजारी माणसे सरकारलाही शोधायची होती. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. उद्देश एकच, रोग आटोक्यात आणणे, आणि वेगळा दवाखाना हा उपायही तोच. पण लोक सरकारी तपासणीला इतके भ्याले, की घरातला रुग्ण लपवू लागले. मुंढव्याच्या त्या घराने मात्र आपले लेकरू सावित्रीबाईंच्या पाठीवर दिले. तो विश्वास कायद्याने आलेला नव्हता. त्यामागे दुष्काळातल्या भाकरीपासूनचा हिशेब होता.

सावित्रीबाई गेल्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १३ मार्चला, पुण्याच्या पेठांत गोऱ्या सोल्जरांनी घरझडत्या सुरू केल्या.