बाहुली की देवता? : तेर येथील मृण्मूर्तींच्या प्रयोजनाचा प्रश्न

मातीच्या लहान मूर्ती घडविणाऱ्या कारागिरास प्राचीन ग्रीक भाषेत 'कोरोप्लाथोस' म्हणत. 'कोरे' म्हणजे मुलगी. खेळण्यातील बाहुली आणि डोळ्यातील बाहुली हे दोन्ही अर्थही त्याच शब्दाने व्यक्त होत. आपल्या 'बाहुली' शब्दाचा अर्थविस्तार याच्याशी मिळताजुळता आहे. परंतु कारागिराच्या नावावरून त्याच्या मूर्तीचे प्रयोजन ठरविता येत नाही. एकाच घडणीच्या ग्रीक मृण्मूर्ती देवस्थानात नवसाच्या म्हणून, घरात आणि थडग्यातही आढळतात. मूर्तीचा उपयोग तिच्या आकारापेक्षा तिच्या सापडण्याच्या जागेवरून अधिक कळतो. बिओशियातील तानाग्रा येथील थडगी १८७० नंतर लुटली गेली. तेथील सुंदर मूर्ती युरोपातील संग्रहालयांत पोहोचल्या. त्या कोणाच्या शेजारी व कशासोबत ठेवल्या होत्या, ही माहिती मात्र बहुतांशी नष्ट झाली.

सोलापूरच्या उत्तरेस, धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी वसलेले तेर म्हणजे 'पेरिप्लस'मधील तगर होय. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी पेठ, असा त्याचा तेथे उल्लेख आहे. येथील सातवाहनकालीन मूर्तींपैकी कित्येक पांढऱ्या केओलिन मातीच्या असून दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आहेत. या तंत्रामागे रोमन व्यापाराचा प्रभाव असावा, असे मत मांडले गेले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर निष्ठेने जमविल्या नसत्या, तर त्या पांढरीच्या मातीबरोबर नाहीशा झाल्या असत्या. तथापि संग्रहातील वस्तूंना बहुधा स्तराची साक्ष नसते. म्हणून त्यांतील एखाद्या स्त्रीमूर्तीस 'देवी' अथवा 'खेळणे' म्हणणे हा पुष्कळदा आपलाच निवाडा असतो.

याउलट इनामगावचे उदाहरण पाहावे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, जोर्वे संस्कृतीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीसह कच्च्या मातीची शीर्षहीन स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला. दोहोंस छिद्रे असून काडीच्या आधाराने ती मूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता येते. ओबडधोबड घडणीच्या या मूर्ती सुट्या मिळाल्या असत्या, तर त्यांस खेळणी म्हणून बाजूस ठेवले गेले असते. त्या मुद्दाम पुरलेल्या होत्या, यावरूनच त्यांचे पूजनीयत्व अनुमानिता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे बेंदराला वा पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात आणि पूजा आटोपल्यावर तेच मुलांच्या हाती जातात. तेव्हा 'देवता की खेळणे' हा विकल्पच कित्येकदा चुकीचा ठरतो. एकच वस्तू एका दिवसात दोन्ही असू शकते.

म्हणून तेरसारख्या स्थळी नवी मूर्ती हाती आल्यास अभ्यासकाने तिला नाव देण्याची घाई करू नये. ती कोठे, किती खोलीवर आणि कशाच्या सान्निध्यात मिळाली, याची नोंद प्रथम करावी. नाव नंतर बदलता येते; हरवलेली जागा पुन्हा सापडत नाही.