सहावी पेनल्टी

२६ जून १९९६. लंडनचं वेम्बली स्टेडियम, युरो कपची सेमीफायनल, इंग्लंड विरुद्ध जर्मनी. मॅच १-१ अशी बरोबरीत, म्हणून पेनल्टी शूटआउट. दोन्हीकडच्या पहिल्या पाचही जणांनी गोल मारले. सहावी पेनल्टी घ्यायला आला गॅरेथ साउथगेट. हा गडी डिफेंडर, गोल वाचवणं हे त्याचं काम. जर्मन गोलकीपर कोपकेने त्याची किक अडवली, मग मोलरने गोल मारला आणि इंग्लंडचा खेळ खलास!

तसं त्याचं करिअर चांगलंच होतं. इंग्लंडकडून ५७ सामने. २००४ मध्ये मिडल्सब्रोने पहिला मोठा कप (लीग कप) जिंकला तेव्हा कॅप्टन हाच. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकच किक.

पुढे मिडल्सब्रोचा मॅनेजर झाला, २००९ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली आणि त्याची नोकरीही गेली. मग इंग्लंडची अंडर-२१ टीम सांभाळली. २०१६ मध्ये ॲलरडाइस एकाच मॅचनंतर गेल्यामुळे मुख्य टीम तात्पुरती याच्याकडे आली, ती पुढे आठ वर्षं राहिली.

मंडळी, खरी गंमत इथे आहे. पेनल्टी म्हणजे लॉटरी, असं म्हणून इंग्लंडवाले वर्षानुवर्षं हरत होते. साउथगेटने ती शिकण्याची गोष्ट मानली. महिनोन्‌महिने सराव, कोण मारणार हे आधीच ठरवणं, शिट्टी वाजली तरी घाई न करणं. ३ जुलै २०१८ ला कोलंबियाला ४-३ हरवून इंग्लंडने वर्ल्ड कपमधलं आपलं पहिलं शूटआउट जिंकलं.

म्हणजे बग फिक्स झाला? नाही ना! २०२१ च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध रॅशफोर्ड, सांचो आणि १९ वर्षांचा साका, तिघेही चुकले. तिघेही कृष्णवर्णीय, त्यामुळे इंटरनेटवर वंशद्वेषी शिव्यांचा पूर आला. साउथगेटने लगेच सांगितलं, पेनल्टी कोणी घ्यायच्या हे मी ठरवलं होतं, जबाबदारी माझी.

आपल्याकडे रिलीज फसला की पहिला प्रश्न येतो, 'कोड कोणाचा?' म्हणून मला हे फार मोठं वाटतं. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडने पाचपैकी पाच पेनल्टी मारल्या, त्यातली एक साकाची होती. फायनल मात्र स्पेनने जिंकली आणि दोन दिवसांनी साउथगेटने राजीनामा दिला.

कप एकही नाही मिळाला. पण साका पुन्हा पेनल्टी घ्यायला पुढे आला, याचं थोडं श्रेय तरी त्या डिफेंडरला द्यायलाच हवं.