मूळ व्हाउचर कुठे आहे? बायबल ‘शब्दशः खरं’ मानण्याची गोष्ट



अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर शाळेत कधी ना कधी हे वाक्य पडतंच: “बायबलमध्ये लिहिलंय, म्हणजे ते खरं आहे.” मूल घरी येऊन विचारतं आणि आपण “त्यांचं ते मानतात, तू अभ्यास कर” म्हणून विषय मिटवतो. काही घरांत तर हसून उडवून लावतात. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या वाक्याला मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असला की मुलांशी नीट बोलता येतं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सगळे ख्रिस्ती लोक बायबल सारख्याच अर्थाने खरं मानत नाहीत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिननी बजावलं होतं की ग्रहताऱ्यांविषयी शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलू नका, जाणकार माणूस ऐकेल आणि शास्त्रालाच हसेल. कॅथलिक चर्चमध्ये तर ग्रंथाच्या जोडीला परंपरा आणि चर्चचा अधिकारही असतो.

१५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर यांनी या अधिकाराला आव्हान दिलं. पोप चुकू शकतो, धर्मसभाही चुकू शकते. मला शास्त्राच्या किंवा स्पष्ट तर्काच्या आधारे पटवा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्यांनी नवा करार जर्मनमध्ये आणला. आमच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या सहीचा अधिकार माणसाकडून ग्रंथाकडे गेला. मग साहजिकच ग्रंथ बिनचूक असणं फार महत्त्वाचं झालं.

आता माझ्या आवडीचा माणूस. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी, राजांच्या कारकिर्दी आणि इतर प्राचीन इतिहास यांचा मेळ घालून १६५० मध्ये जगाच्या आरंभाची तारीख काढली: इसवी सनापूर्वी ४००४, ऑक्टोबर २३. हसू नका. हातात होती ती कागदपत्रं घेऊन त्या काळच्या विद्वानाने मन लावून मांडलेला हिशोब आहे तो. बेरीज चोख, प्रश्न नोंदी कशा वाचायच्या याचा. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि सामान्य वाचकाला त्या ग्रंथाचाच भाग वाटू लागल्या. वर्किंग पेपर ताळेबंदात शिरला म्हणा ना!

एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्राने पृथ्वीचं वय फार मागे नेलं, १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि जर्मन अभ्यासक बायबलचे वेगवेगळे लेखक आणि थर शोधू लागले. अमेरिकेत याला उत्तर दिलं प्रिन्स्टनच्या धर्मपंडितांनी. ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड यांनी १८८१ मध्ये मांडलं की ग्रंथ पूर्ण निर्दोष आहे, पण हा दावा मूळ हस्तलिखितांपुरता. नकला करताना चुका शिरू शकतात. मूळ हस्तलिखितं मात्र आज कोणाकडेच नाहीत. ऑडिटर म्हणून मी इथे थबकते, कारण मूळ व्हाउचर नसलेली नोंद तपासता येत नाही. श्रद्धावान म्हणतो, म्हणून तर ती श्रद्धा. दोघांचं बोलणं वेगळ्या पातळीवर चाललंय, हे मुलांना समजावता येतं.

मग पैसा आला. युनियन ऑइल कंपनीचे लायमन स्ट्यूअर्ट आणि त्यांचे भाऊ मिल्टन यांच्या खर्चाने १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’चे १२ खंड छापून पाद्री आणि शिक्षकांना फुकट वाटले गेले. ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द १९२० मध्ये एका बाप्टिस्ट संपादकाने काढला, आणि तो स्वपक्षासाठी अभिमानाने.

१९२५ च्या जुलैमध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला चालला. सरकार पक्षाकडून विल्यम जेनिंग्ज ब्रायन, बचावाला क्लॅरन्स डॅरो. डॅरोंनी ब्रायन यांनाच साक्षीला बसवलं आणि अशरच्या तारखेबद्दल, यहोशवासाठी थांबलेल्या सूर्याबद्दल विचारलं. सृष्टीचे सहा दिवस २४ तासांचेच असतील असं नाही, हे ब्रायन यांनी मान्य केलं. म्हणजे तेही सगळं शब्दशः घेत नव्हते. आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. दुबळ्याने मरावं हाच निसर्गनियम, असं मुलं शिकतील याची त्यांना धास्ती होती. स्कोप्सच्या पाठ्यपुस्तकात वंशांची उतरंड आणि सुप्रजननाचा पुरस्कार खरोखरच होता. दंड झाला १०० डॉलर. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, कारण ५० डॉलरवरचा दंड ज्यूरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला! कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

१९७८ च्या शिकागो निवेदनात निर्दोषत्वाचा पुन्हा ठाम उच्चार झाला. त्यातच असंही नमूद आहे की गोळाबेरीज आकडे, अतिशयोक्ती, डोळ्यांना दिसतं तसं केलेलं निसर्गवर्णन म्हणजे चूक नव्हे. राउंडिंग ऑफ त्यांनाही मान्य आहे!

आपल्या घरचं एक नाव सांगते. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण इंग्लंडमधल्या मिशनरी बाईंना पत्रांतून ठणकावलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नाही. ग्रंथ मानायचा तर स्वतः वाचून. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं; १९२२ मध्ये गेल्या, त्याआधी काम हातावेगळं केलं होतं.

तर मुलांना काय सांगायचं? मित्राला “खोटं आहे” म्हणू नकोस, “कुठल्या अर्थाने खरं?” असं विचार. उत्तर शांतपणे ऐक. विज्ञानाच्या तासाला पुरावा बघ. आणि हीच फूटपट्टी घरीही लावायची. वेद अपौरुषेय म्हणताना किंवा पोथीतला चमत्कार सांगताना मुलाने “कुठल्या अर्थाने खरं, आई?” विचारलं, तर रागवायचं नाही. एका पार्टीचं खातं कडक तपासायचं आणि स्वतःचं न उघडता सही ठोकायची, याला आमच्यात ऑडिट म्हणत नाहीत.