शिळेवरची शिवी

भिवंडीहून दहाएक किलोमीटरवर लोनाड गाव आहे. तिथले जुने शिवमंदिर आणि टेकडीतले लेणे पाहायला अधूनमधून माणसे येतात. शेजारच्या चौधरपाड्यातल्या शिलालेखाकडे मात्र फार थोडे वळतात. १८८२ साली तो अभ्यासकांच्या नजरेस आला. लेख शके ११६१चा, म्हणजे इ.स. १२४०चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा केशिदेव याने महाशिवरात्रीच्या दिवशी ब्रह्मपुरी नावाचे गाव पुराणांत रमलेल्या एका कवीला दान दिले, आणि महादेवापुढे पूजा करणाऱ्या चौघांना बापग्रामातली एक वाडी दिली, असे तो सांगतो. हे बापग्राम म्हणजे आजचे बापगाव. शिलाहार गेले, यादव आले आणि गेले, पुढे कितीतरी सत्ता बदलल्या. गावाचे नाव मात्र जवळपास तेच राहिले.

मला या लेखाकडे खेचले ते दानाने नव्हे, तर दान टिकावे म्हणून केलेल्या बंदोबस्ताने. ही शिळा ‘गधेगाळ’ या प्रकारातली आहे. गाळ म्हणजे शिवी. कोकणात, देशावर आणि गोव्यात अशा अनेक शिळा सापडल्या आहेत. त्यांची ठेवण साधारण सारखी असते. वर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर दान चालू राहो, असा त्याचा अर्थ. मध्ये लेख असतो. खाली एक बाई आणि तिच्यावर चढलेले गाढव असते. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होईल, असा तो शाप.

दानाचा कागद त्या काळी तांब्याचा असे. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात राही. गधेगाळ उघड्यावर उभी असे, आणि तिच्या तीन थरांमध्ये मला तीन प्रकारचे वाचक दिसतात. सूर्य-चंद्र देवांना आणि काळाला साक्षी ठेवतात. लेख वाचता येणाऱ्या मोजक्या माणसांसाठी आहे. खालचे चित्र अक्षरओळख नसलेल्या प्रत्येकासाठी आहे. ते कळायला शिकावे लागत नाही.

याच घराण्यातल्या अपरादित्याचा परळचा शिलालेख इ.स. ११८७चा आहे. षट्षष्टीतल्या, म्हणजे आजच्या साष्टीतल्या, महावली गावच्या एका बागेचे उत्पन्न त्याने वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी लावून दिले. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटचा शाप मात्र मराठीत. मराठी शिलालेखांच्या चर्चेत या लेखाचे नाव नेहमी येते ते त्या शापामुळे. आपल्या भाषेच्या जुन्या नमुन्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते करायलाच हवे. पण त्यांतल्या एका नमुन्यात दान देण्याचे काम संस्कृतकडे होते आणि शिवी देण्याचे मराठीकडे, हेही ध्यानात ठेवायला हवे. ज्याला धाक घालायचा त्याला समजेल अशी भाषा राजाने निवडली.

धाक कुणाला होता? राजाने दिलेले गाव काढून घेणे कुळाच्या किंवा गुराख्याच्या हातात नव्हते. ते करू शकत होते राजाचे अधिकारी, शेजारचे जमीनदार आणि पुढे येणारे राजे. दानपत्रांत भावी राजांना उद्देशून विनवण्या असतात त्या म्हणूनच. दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होतो, हा श्लोक तर ताम्रपटांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. त्या श्लोकातली शिक्षा भयंकर आहे, पण ती पुढच्या जन्मी आणि अपराध्यालाच. गधेगाळीवरची शिक्षा याच जन्मी आहे, आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी आहे.

सीमेवर शाप कोरून ठेवण्याची रीत फक्त आपली नाही. साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वी बाबिलोनियात राजाने दिलेल्या जमिनीची नोंद ‘कुदुर्रू’ नावाच्या दगडांवर करत. त्यांच्यावरही माथ्याशी सूर्य, चंद्र आणि तारका असतात, आणि लेखात दगड हलवणाऱ्याला शाप असतात. स्वतः हात न लावता एखाद्या वेड्याला, आंधळ्याला किंवा बहिऱ्याला पुढे करून दगड हलवणाऱ्यालाही त्या शापांनी सोडलेले नाही. पळवाट शोधणारे तेव्हाही होते. पुढे एलामच्या राजाने यांतले कित्येक दगड लूट म्हणून सूसा इथे नेले. तिथल्या उत्खननातून ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेले. हलवू नये म्हणून शाप कोरलेले दगड असे दोनदा हलले.

इजिप्तमधले साम्य याहून चक्रावणारे आहे. तिथे सुमारे २८०० वर्षांपूर्वी मंदिरांना जमीन दिल्याच्या शिळा उभारत, आणि त्यांतल्या काहींवर दान मोडणाऱ्याला चक्क गाढवाचा शाप आहे. त्याच्याही आधी, इ.स.पू. ११००च्या सुमाराच्या एका दत्तकपत्रात तो येतो. हा पपायरस आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. इजिप्त आणि कोकण यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. नुसत्या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून शाप उचलला असे मी म्हणणार नाही. गाढव दोन्हीकडे होते, ओझी वाहत होते आणि हिणवलेही जात होते. तेवढे कारण पुरेसे असावे.

मला साम्यापेक्षा फरक मोलाचा वाटतो. इजिप्तच्या शापात गाढव आधी खुद्द अपराध्यावर येते, मग त्याच्या बायकोवर. बायको तिथेही सुटत नाही. पण निदान करणारा तरी आधी भरतो. आपल्या शिळेवर तो अजिबात नाही. दान देणारा राजा पुरुष, घेणारा कवी पुरुष, मोडणारा अधिकारीही बहुधा पुरुषच. या सगळ्या व्यवहारात जिचा कुठेही संबंध नाही, जिला नाव नाही, ती आई तेवढी जामीन राहिली आहे.

या चित्राचा एक सौम्य अर्थही लावला जातो. बाई म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे उजाडपण; दान मोडलेस तर तुझी जमीन ओसाड होईल. याला आधार आहे. गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे गाव बेचिराख करणे, हे आपल्या भाषेत रुजलेले आहे. मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे शिवाजी महाराजांच्या बालपणी तिथे सोन्याचा नांगर चालवला गेला, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तरीही परळच्या लेखात शब्द ‘माय’ आहे, भूमी नाही. रूपक मागाहून शोधता येते. शिवी आधी ऐकू येते. आजही रस्त्यावरच्या भांडणात पुरुष एकमेकांच्या आई-बहिणीवरच घसरतात. गधेगाळीवरचे राज्य बुडाले, पण तिचे व्याकरण चालू आहे.

या शिळांचे पुढे काय झाले ते मी गावोगाव पाहत आलो आहे. काहींना शेंदूर लागून त्यांची देवता झाली. काही अशुभ म्हणून पालथ्या पाडल्या गेल्या. चित्र अश्लील वाटते म्हणून कुठे खालचा थर सिमेंटच्या ओट्यात पुरला गेला. जमिनीचा हक्क आता सातबारावर ठरतो, त्यामुळे शिळेकडे कामासाठी जाण्याचे कारण उरलेले नाही. भिवंडीभोवती भातखाचरे बुजवून गोदामे उभी राहत आहेत. भराव घालणारे यंत्र बांधावरच्या दगडात आणि लेखात फरक करत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शिळा जपताना खालचे चित्रही जपावे. लाज वाटते म्हणून ते झाकले, तर राजाचे औदार्य तेवढे उरेल आणि त्या औदार्याला तारण कोण होते हे पुसले जाईल. केशिदेवाच्या दानातली वाडी कुणाकडे गेली हे आज शोधूनही सापडणार नाही. आठशे वर्षांत ती कितीदा मोडली, विकली, वाटली गेली असेल. तेवढ्या वेळा ती शिवी कुणाच्या ना कुणाच्या आईला लागली असणार, आणि जमीन घेणाऱ्याने मान वर करून पाहिलेही नसणार.