मेंढ्यांतील कृत्रिम वीर्यसेचन : पद्धतींचा इतिहास

नर-मादीचा प्रत्यक्ष संयोग होऊ न देता एडक्याचे वीर्य साधनांच्या साहाय्याने मेंढीच्या जननमार्गात सोडणे, यास मेंढ्यांतील कृत्रिम वीर्यसेचन म्हणतात. उत्तम एडक्याचे गुण अनेक कळपांत पोहोचविणे हा त्याचा मुख्य उद्देश होय. वीर्य कोठे सोडले जाते त्यावरून योनिमार्गातील, ग्रीवेतील (गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या अरुंद भागातील) व गर्भाशयातील असे त्याचे तीन प्रकार पडतात.

इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्त्सानी यांनी १७८० मध्ये कुत्रीवर असे सेचन यशस्वी केले. मेंढ्यांसाठी ही पद्धत रशियात विकसित झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी इव्हानॉव्ह यांनी पाळीव जनावरांवर प्रयोग केले. १९२९ नंतरच्या सामूहिकीकरणात सोव्हिएट संघातील मेंढ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली. कळप पुन्हा उभे करण्याच्या या निकडीच्या काळात मिलोव्हानॉव्ह यांनी कृत्रिम योनी व वीर्य विरल करणारे द्राव प्रचारात आणले. एडक्याच्या एका वेळच्या सु. १ मिलि. वीर्यात सु. ३०० कोटी शुक्राणू असतात. ग्रीवेतील सेचनास दर मेंढीस १० ते २० कोटी पुरतात. योनिमार्गातील सेचनास मात्र त्याहून पुष्कळ अधिक लागतात.

पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी १९४९ मध्ये ग्लिसरॉलाचा शुक्राणुरक्षक गुणधर्म प्रसिद्ध केला. त्यामुळे गाईंतील सेचनात गोठविलेल्या वीर्याचा वापर सार्वत्रिक झाला. मेंढीत मात्र तसे घडले नाही. तिच्या ग्रीवेत एकमेकींशी सरळ रेषेत नसलेली चार ते सात वलये असतात. त्यांतून नळी सहसा पलीकडे जात नाही, आणि गोठविल्याने दुर्बल झालेल्या शुक्राणूंनाही हा अडथळा ओलांडणे कठीण जाते. ताज्या वीर्याच्या ग्रीवेतील सेचनाने साधारणतः शेकडा ६० ते ७५ मेंढ्या गाभण राहतात. गोठविलेल्या वीर्याने हे प्रमाण बहुधा ३० च्या खाली येते.

ऑस्ट्रेलियात रॉबिन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात संप्रेरकयुक्त स्पंज योनिमार्गात ठेवून अनेक मेंढ्या एकाच वेळी माजावर आणण्याची पद्धत रूढ केली. तेथेच १९८२ मध्ये किलीन व कॅफरी यांनी उदरदर्शकाच्या साहाय्याने पोटावरील लहान छेदांतून गर्भाशयात वीर्य सोडण्याची पद्धत मांडली. तीत ग्रीवा पूर्णपणे टळते, सु. २ कोटी शुक्राणू पुरतात आणि गोठविलेल्या वीर्यानेही शेकडा ५० ते ८० मेंढ्या गाभण राहतात. तथापि ही शस्त्रक्रियाच असल्यामुळे तज्ञ, उपकरणे व खर्च यांची गरज असते. शिवाय प्राण्यास होणाऱ्या क्लेशाचा प्रश्न राहतो. १९९० मध्ये कॅनडातील ग्वेल्फ येथे ग्रीवा ओढून धरून तीतून नळी आत नेण्याचे तंत्र मांडण्यात आले. पण सर्वच मेंढ्यांत नळी आत जात नाही व ग्रीवेस इजा होण्याचा संभव असतो.

नॉर्वेतील अनुभव याहून निराळा आहे. तेथील मेंढ्यांत गोठविलेले वीर्य केवळ योनिमार्गात सोडूनही समाधानकारक गर्भधारणा होते व हे काम मेंढपाळ स्वतः करतात. मेंढीच्या जातीनुसार ग्रीवेचा अडथळा कमी-अधिक असतो, हे आयर्लंडमधील प्रयोगांनीही दाखविले. भारतात राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने (स्थापना १९६२) मुख्यतः थंड ठेवलेल्या द्रवरूप वीर्याच्या ग्रीवेतील सेचनावर भर दिला. असे वीर्य थोडाच काळ टिकते, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या गोठविलेल्या वीर्यास बहुधा शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपांसारख्या फिरत्या कळपांपर्यंत या तंत्राचा लाभ पोहोचविणे अवघड ठरते. शस्त्रक्रियेवाचून ग्रीवा ओलांडणारी आणि मेंढपाळास स्वतः वापरता येईल अशी पद्धत सर्व जातींसाठी अद्याप उपलब्ध झालेली नाही.