सहाचे दोन : स्टीव्ह कॉर्डेक यांचे स्मरण

पिनबॉल हा शब्द मराठी वाचकास परका वाटेल. त्याचा पूर्वज मात्र परका नाही. मे महिन्याच्या सुटीत माळ्यावरून खाली येणारी ती लाकडी फळी, तिच्यावरील खिळ्यांची अर्धवर्तुळे आणि काठीने ढकललेला लोखंडी छर्रा आमच्या पिढीतील पुष्कळांनी हाताळला आहे. आपण तिला बागाटेल म्हणत असू. छर्रा एकदा सुटला की खेळणाऱ्याचे काम संपे. उरे ते पाहणे, फार तर फळी हळूच कलती करणे आणि त्यावरून होणारी भांडणे. अमेरिकेत याच खेळाला १९३० नंतर नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे रूप आले. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी, वयाची शंभरी पार करून, निधन पावलेले स्टीव्ह कॉर्डेक हे त्या यंत्राच्या इतिहासातील एक थोर नाव होय.

साहित्याच्या अध्यापकांनी पिनबॉलच्या कारागिरावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील हकिकतीतच आहे.

कॉर्डेक यांचा जन्म २६ डिसेंबर १९११ रोजी शिकागो येथे झाला. महामंदीच्या काळात ते आयडाहो राज्यात वनखात्याच्या कामावर होते. १९३७ साली घरी आले असता एके दिवशी रस्त्यात धो धो पाऊस लागला आणि आडोशासाठी ते एका इमारतीत शिरले. ती गेन्सबर्ग बंधूंची जेन्को ही पिनबॉलची कंपनी निघाली. नोकरी हवी का, असे तेथील बाईंनी विचारले, आणि ताशी ४५ सेंटवर त्यांना डाग देण्याचे काम मिळाले. असे यंत्र त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. चरित्रात योगायोग फार आले की आम्हाला चरित्रकाराचा संशय येतो. पण ही हकिकत स्वतः कॉर्डेकच सांगत असत.

१९४७ साली गॉटलिब कंपनीच्या हॅरी मॅब्ज यांनी ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर आणला. खेळणाऱ्याने बाजूचे बटण दाबताच उसळून गोळीला टोला देणारी ही लहानशी दांडी. दोन्ही कडांना तीन-तीन, अशा एकूण सहा. त्यांचा जोर बेताचा असल्याने गोळी टप्प्याटप्प्याने वर न्यावी लागे. प्रतिस्पर्धी कंपन्यांची अर्थातच धावपळ उडाली. जानेवारी १९४८ मध्ये शिकागोच्या व्यापारी प्रदर्शनात जेन्कोचे ‘ट्रिपल ॲक्शन’ मांडले गेले. ते कॉर्डेक यांचे होते आणि त्यात फ्लिपर फक्त दोन होते : तळाशी, आणि एकदिश विद्युतप्रवाहामुळे अधिक जोरकस. याचे जे कारण त्यांनी पुढे सांगितले त्यात सौंदर्यदृष्टीचा लवलेश नाही. पैसा जपून खर्चावा हे संस्कार अंगी मुरलेले. दोनांत भागत असेल तर सहा कशाला बसवायचे?

त्यांच्या निधनानंतर अनेक मृत्युलेखांनी हा क्षण अधोरेखित केला. आजच्या पिनबॉलचे रूप त्यांनी घडवले, असा एकंदर सूर होता. येथे थोडे थांबावयास हवे. ‘ट्रिपल ॲक्शन’मधील दोन फ्लिपरांची तोंडे बाहेरच्या बाजूस होती. आज कोणत्याही यंत्रावर दिसणारी, एकमेकांकडे वळलेल्या फ्लिपरांची मांडणी जानेवारी १९५० च्या ‘जस्ट २१’ मध्ये प्रथम आली. तेथेही मधले अंतर बरेच होते. ती जोडी जवळ आली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, ‘स्पॉट बोलर’ मध्ये. ही दोन्ही यंत्रे गॉटलिबची. म्हणजे फ्लिपर मॅब्ज यांचा, आजची मांडणी गॉटलिबची. मग कॉर्डेक यांचे काय उरले?

आमच्या मते पुष्कळ उरले. आद्य कादंबरी कोणती, पहिली लघुकथा कोणाची, या वादांत मराठी अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. ‘पहिला’ शोधण्याच्या नादात रूपाला वळण कोणी दिले, हा प्रश्न मागे पडतो. कॉर्डेक यांनी काही भर घातली नाही, चार गोष्टी वजा केल्या. त्या वजाबाकीने खेळाचा सारा ताण तळाशी, गोळी निसटण्याच्या जागेपाशी आणला. पुढील कामांतही हेच दिसते. ‘व्हॅगाबॉण्ड’ (१९६२) मधील, गोळी लागताच खाली बसणारे लक्ष्य त्यांनी रूढ केले. ‘बीट द क्लॉक’ (१९६३) मध्ये एकाहून अधिक गोळ्या एकाच वेळी खेळात आल्या. ही कल्पना त्याआधीही एका कंपनीने वापरली होती. श्रेय कमी केले तरी माणूस कमी होत नाही.

या खेळाला प्रतिष्ठा नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डिया यांनी जुगार म्हणून त्यावर बंदी आणली. यंत्रे घणाने फोडली गेली. ज्या शिकागोत ती तयार होत, तेथेही ती खेळण्यास दीर्घकाळ मनाई होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगरप्रतिनिधींसमोर खेळून दाखवले आणि हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे पटवले. फ्लिपराविना तो युक्तिवाद उभाच राहिला नसता.

१९६० पासून कॉर्डेक विल्यम्स कंपनीत होते. त्यांच्या ‘स्पेस मिशन’ आणि ‘ग्रां प्री’ (दोन्ही १९७६) यांच्या प्रत्येकी दहा हजारांहून अधिक प्रती निघाल्या. लगेच पुढे तारा आणि रिले यांची जागा संगणकीय पट्ट्यांनी घेतली. एखाद्या साठीतील कारागिराने येथे कुरकुर केली असती तर ते स्वाभाविक ठरले असते. कॉर्डेक मात्र नव्या रचनाकारांमध्ये वडीलधारे म्हणून वावरत राहिले. शिकागोच्या वार्षिक पिनबॉल मेळाव्यातही ते येत. ज्यांनी त्यांची यंत्रे जुन्या बाजारातून मिळवून दुरुस्त केली होती, अशा चाहत्यांना तेथे प्रत्यक्ष कर्ताच भेटे. यंत्रावर रचनाकाराचे नाव छापण्याची रीत पुष्कळ उशिरा आली. तोपर्यंतच्या त्यांच्या शेकडाभर यंत्रांपैकी बहुतेकांवर फक्त कंपनीचे नाव आहे.

१९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचे उत्पादन थांबवले. २००३ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, कॉर्डेक यांच्या नावावर आणखी एक यंत्र आले, ‘व्हेकेशन अमेरिका’. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती झाल्या.